पाच सेकंदांच्या आत

माहेरी तिला सगळे टकळी म्हणायचे आणि त्यात कुणाचं काही चुकत नव्हतं. ती बोलायला लागली की समोरच्याला नुसतं ‘हूं’ म्हणायलाही फट सापडत नसे. पुढे नोकरीसुद्धा अशी मिळाली की या गुणाचं चीज झालं. विमा कंपनीचा तक्रार विभाग, कानाला हेडफोन आणि दिवसाला ऐंशी फोन. तिथला नियम साधा होता. फोनवर पाच सेकंदांहून जास्त शांतता पसरली की ती ‘रिकामी जागा’ धरली जायची आणि तुमचे गुण कापले जायचे. बाकीच्या बिचाऱ्यांची तारांबळ उडायची. टकळीची मात्र अकरा वर्षांत एकही रिकामी जागा नव्हती.

घरी नवरा मुका होत चालला होता.

तो इमारतींचे नकाशे काढायचा. तीन वर्षांपूर्वी त्याच्या कंपनीने ऑफिसला टाळं लावलं आणि सगळ्यांना घरून काम दिलं, तेव्हा दोघांना केवढा आनंद झाला होता! जाण्यायेण्याचा वेळ वाचला, डब्याची कटकट गेली. त्याबरोबर माणसंही गेली, हे लक्षात यायला वेळ लागला. बेडरूमच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड केलेलं टेबल आणि दिवसाकाठी एक मीटिंग, तीही कॅमेरा बंद ठेवून. गेल्या वर्षापासून नकाशेही संगणकच काढू लागला. याच्या वाट्याला उरलं त्यातल्या चुका शोधणं, आणि मेल्या चुकाही दिवसेंदिवस कमी होत चालल्या होत्या. आधी त्याचं शीळ घालणं बंद झालं, मग दाढी करणं, मग धड जेवणं. रक्ताच्या सगळ्या तपासण्या ठणठणीत आल्या. डॉक्टरांनी एका समुपदेशक बाईंचं नाव सुचवलं तर हा म्हणाला, “मला काय वेड लागलंय?”

डॉक्टरांनी मग टकळीला बाजूला घेतलं. “त्यांना बोलू द्या. मनात काय चाललंय ते एकदा त्यांच्या तोंडून बाहेर पडू दे. हे असंच आत साचत राहिलं तर मला काळजी वाटते.”

“अहो, मी कुठे अडवतेय?” टकळी म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं. रोज तर विचारत होती ती.

गुरुवारी दुपारी तिच्या वरिष्ठ बाईंनी नव्या मुलींना नमुना म्हणून टकळीचाच एक फोन ऐकवला. टकळीही कौतुक करून घ्यायला ऐटीत बसली होती. फोन एका म्हाताऱ्या गृहस्थांचा होता. “पॉलिसीतून बायकोचं नाव काढायचंय,” ते म्हणाले. मग एक श्वास ऐकू आला. “ती गेल्या महिन्यात...”

लगेच टकळीचा गोड आवाज. “नक्की काका! दाखला आणि ओळखपत्र पाठवून द्या, आठ दिवसांत होऊन जाईल. आणखी काही मदत करू का?”

“नाही,” म्हातारा म्हणाला.

“बघा, एक सेकंद वाया नाही,” वरिष्ठ बाई म्हणाल्या आणि मुलींनी ते लिहून घेतलं.

टकळीची ऐट उतरली. परवाच नवरा म्हणाला होता, “मला हल्ली ना, असं वाटतं...” आणि तिने काय केलं होतं? ‘चहा टाकू? फिरून येऊ या? तू ना, व्यायाम सुरू कर.’ एका दमात तीन उपाय. त्यावर तो नुसता “टाक चहा” म्हणाला होता.

संध्याकाळी घरी आल्याआल्या ती पर्ससकट त्याच्याजवळ पलंगावर बसली. “परवा तू काहीतरी सांगत होतास. मीच मध्ये तोंड घातलं. सांग ना.”

“काही नाही गं.”

एरवी इथे पट्टा सुरू झाला असता. आज तिने मिठाची गुळणी धरली. जीभ वळवळत होती. लिफ्ट वर गेली, खाली आली. शेजाऱ्यांचा मिक्सर फिरून थांबला. आपण इतका वेळ गप्प बसू शकतो हे तिला आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं, आणि ते मुळीच आवडत नव्हतं.

“तू बोलत का नाहीस?” त्याने विचारलं.

तिने नुसती मान हलवली.

मग तो भिंतीकडे बघत म्हणाला, “दुपारी मी तुमच्या तक्रारीच्या नंबरवर फोन केला होता. तक्रार काही नव्हती. सकाळपासून कुणाशी एक शब्द बोललो नव्हतो. वाटलं, नशीब असेल तर तूच उचलशील. दुसरीच कुणी होती. मी म्हटलं, मला सांगायचंय की... आणि पुढे शब्दच फुटेना. तिने पटापट दोनतीन गोष्टी विचारल्या, आभार मानले, ठेवून दिला.” तो थांबला. “वाईट नव्हती गं. तुझ्यासारखीच होती.”

टकळीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिने ते पुसलंही नाही.

“काय सांगायचं होतं तुला तिला?”

“रोज सकाळी वाटतं, आज जाग आलीच नसती तर बरं झालं असतं. हेच. कुणालातरी सांगायचं होतं. तुला सांगितलं असतं तर तू घाबरली असतीस.”

तिने त्याचा हात हातात घेतला.

“घाबरलेच आहे,” ती म्हणाली. “तरी सांग.”