धावपट्टीच्या फाटकावरची मोजणी

विमानतळ मोठा होणार हे कळल्यापासून क्रिस्पुलोचे पाय जमिनीवर नव्हते. त्याची लेक दोहाच्या इस्पितळात नर्स होती. घरी यायला तिला दोन विमानं आणि वर एक बोट करावी लागे. धावपट्टी लांबली की मोठी विमानं थेट त्याच्या गावात, सान लिबोरियोत, उतरणार होती. म्हणून जनसुनावणीला तो इस्त्रीचा सदरा घालून नगरभवनात पहिल्या रांगेत बसला.

भिंतीवर गावाच्या जमीनवापराचा नकाशा होता. शेती हिरवी, घरं पिवळी, विमानतळ करडा. नवी धावपट्टी करड्या रंगात चपखल बसत होती. अडचण एकच होती. तिनुब्दान वस्तीचा बाजाराला येणारा रस्ता धावपट्टीचं टोक फाटकातून ओलांडतो. तो कायमचा बंद होणार होता आणि त्याच्या जागी महामार्ग येणार होता.

क्रिस्पुलो तिनुब्दानच्या तीनचाकीवाल्यांचा अध्यक्ष. मोटारसायकलला बाजूने डबा जोडलेल्या या गाड्यांना महामार्गावर बंदी असते, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तो उठला आणि त्याने विचारलं, मग आम्ही जायचं कुठून?

मनिलाहून आलेल्या इंजिनियर बेलार्मिनो बाईंनी शांतपणे एक कागद काढला. गावाचा नियम असा होता, की ज्या रस्त्यावरून दिवसाला दोनशेच्या वर भरलेल्या फेऱ्या होतात, तो त्याच गाड्यांना चालेल असा दुसरा रस्ता दिल्याशिवाय बंद करता येत नाही. बाईंच्या माणसांनी मोजणी केली होती. फेऱ्या भरल्या होत्या अकरा.

"कोणत्या दिवशी मोजल्या, इंजिनियर?" क्रिस्पुलोने विचारलं.

बाईंनी तारीख वाचली आणि सगळं सभागृह हसायला लागलं. तो गुड फ्रायडे होता. त्या दिवशी सान लिबोरियोत गाडी काढणं सोडाच, मुलांना पळूही देत नाहीत. त्या दिवशी झालेली जखम भरत नाही, असं म्हातारी माणसं सांगतात.

"मग त्या अकरा तरी कोणाच्या?" मागून कोणीतरी म्हणालं. "पाद्रीबाबांच्याच असतील."

बाईंनाही हसू आवरेना. आमच्या माणसांना सुट्टी होती म्हणून ती त्या दिवशी आली, असं त्यांनी कबूल केलं. येत्या बुधवारी सकाळी सहा ते संध्याकाळी पाच मी स्वतः मोजीन, असंही सांगितलं. आकडा दोनशेच्या वर गेला, तर नवा रस्ता आराखड्यात येईल. नाही गेला, तर आराखडा आहे तसा मंजूर.

बुधवार बाजाराचा. बाई छत्री आणि वही घेऊन फाटकाशी बसल्या. डबे माशांनी, नारळांनी, माणसांनी भरून धडधडत जात होते. नऊपर्यंतच नव्वद फेऱ्या झाल्या. क्रिस्पुलोला आनंद आवरेना, पण थोड्या वेळाने त्याला शंका आली. आकडा जरा जास्तच पळत होता.

तेवढ्यात त्याच्या बायकोची थोरली बहीण, मनांग म्हणजे ताई पुरिंग, एका डब्यात मांडीवर कोंबडी घेऊन समोरून गेली. तिसऱ्यांदा.

त्याने ती गाडी थांबवली. "मनांग, कोंबडी अजून खपली नाही?"

"भाव येत नाही रे."

"बाजारापर्यंत जाशील तर येईल ना. पुढच्या वळणावरून परत फिरतेस."

"तुझ्यासाठीच फिरतेय, मेल्या. कंबर मोडली माझी."

विचारपूस केल्यावर कळलं, निम्मे गाडीवाले घरची माणसं बसवून गोल गोल फिरत होते. बाईंच्या हे लक्षात आलं तर सगळी वहीच रद्द होणार होती. क्रिस्पुलो खाली मान घालून त्यांच्याकडे गेला आणि सगळं सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, "मला काहीच कळलं नव्हतं. मी डबा भरलाय का एवढंच बघत होते." दोघांनी बसून चव्वेचाळीस फेऱ्या खोडल्या.

गाडीवाले त्याच्यावर उखडले. "अध्यक्ष, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे?" चार वाजले तेव्हा आकडा एकशे शहात्तर होता आणि रस्ता ओस पडला होता.

साडेचारला भोंगा वाजला. दुपारचं विमान उशिरा येत होतं. फाटक पडलं. नेमकी तेव्हाच शाळा सुटली आणि बाजारही उठला. फाटकामागे एकेक तीनचाकी येऊन उभी राहू लागली. बाई वही घेऊन उठल्या आणि रांगेच्या कडेने चालत मोजू लागल्या. डब्यांत दप्तरं होती, तांदळाची पोती होती, एकात तर चक्क डुक्कर होतं. क्रिस्पुलो त्यांच्यामागून चालत होता. विसावी, एकविसावी. चोविसावी गाडी, म्हणजे बरोबर दोनशे, नारळीच्या वळणावर होती आणि तिच्यापलीकडचं काही दिसत नव्हतं.

बाई वळणापलीकडे गेल्या. तिथे आणखी नऊ गाड्या उभ्या होत्या.

"दोनशे नऊ," बाई म्हणाल्या. विमान डोक्यावरून गडगडत उतरलं, म्हणून त्यांना ते पुन्हा ओरडून सांगावं लागलं.

त्यांनी वही उलटी करून कोऱ्या पानावर धावपट्टी काढली आणि पेन्सिल क्रिस्पुलोच्या हातात दिली. "दाखवा. नवा रस्ता कुठून न्यायचा?"

फाटक उघडलं, तरी एकही गाडी हलली नाही. सगळे वहीभोवती जमून एकाच वेळी बोलत होते. ओढ्याकडून न्या, नको, पावसात बुडतो, चॅपलमागून न्या. क्रिस्पुलोची रेघ पुढे सरकत होती.