लाल पट्टी

“आभाळ एकवेळ खोटं बोलेल, रडार बोलणार नाही! चार वाजता मुसळधार!” राजपाल सरांनी विहाराच्या लाऊडस्पीकरवरून जाहीर केलं. माइक बंद करायचा राहिल्यामुळं पाठोपाठ “माझा चष्मा कुणी नेला?” आणि “कपाळावर हाय, सर,” हेही साऱ्या जळकोटनं ऐकलं.

सर विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. मोबाइलवर रडारचं चित्र बघून गावाला पाऊस सांगायचा त्यांचा दोन वर्षांचा नेम. लेक वृषाली हवामान खात्यात, त्यामुळं शब्दाला वजन. आज चित्रात गावावर लालभडक पट्टी होती. बायकांनी गच्च्यांवरच्या ओल्या कुरडया भराभर उचलून घरात नेल्या.

चारला आठ-दहा थेंब पडले. पाचला लख्ख ऊन. साडेपाचला शेजारच्या धुरपदाबाई परात घेऊन दारात.

“सर, कुरडया घातल्या हुत्या. हा लगदा उचलला. तुमच्या भरवशावर.”

सरांनी परातीत बोट घातलं. ते चिकटलं. दुसऱ्या हातानं त्यांनी लेकीला फोन लावला.

“बाबा, ती पट्टी पावसाची नव्हती. चार-पाच किलोमीटर वर बर्फ वितळत होता. हिमकणावर पाण्याचा थर चढला की रडारच्या लहरी जोरात परततात. रडारला वाटतं, थेंबच एवढाले.”

“मग सकाळीच सांगायचं न्हाय व्हय?”

“आईला सांगितलं की. तुमचं लाऊडस्पीकरवर झालं की ती मला विचारतेच. रोज.”

धुरपदाबाईंना बसा म्हणायचंही विसरून सर जिना चढले.

गच्चीवर त्यांची बायको सरुबाई कुरडया उलटत होती. आपल्याच घरच्या. पांढऱ्याशुभ्र, हात लावला तर वाजतील अशा.

“तुला ठावं हुतं.”

“व्हय.”

“दोन वर्सं?”

“लई येळा तुमचं खरंबी निघालं की.”

“मग खोटं निघायचं तवा सांगायचं. मला न्हाय, तर गावाला.”

सरुबाईनं आणखी एक कुरडई उलटली. “माइकवरून घरी येताव तवा तुमचं तोंड कसं असतंय, बगितलंय का कवा? मला न्हाय मोडवलं त्ये.”

खालून धुरपदाबाईंनी हाक मारली, “सर, वर काय हाय ओ?” पाठोपाठ जिन्यावर चपला वाजल्या.

सर झटकन जिन्याच्या तोंडाशी गेले. दोन्ही हात पसरून दारात आडवे उभे राहिले.

“काय न्हाय,” ते म्हणाले. “येऊ नगा. निसरडं झालंय.”

सरुबाईनं कठड्यावर येऊन बसलेल्या कावळ्याकडं पाहिलं.

“उभेच राहिलाव,” ती हळूच म्हणाली, “तर त्या कावळ्याला हाका जरा.”