तरंगण्याचे सोंग

मला जुना म्हणायचे की नाही, ते तुम्हीच ठरवा, मित्रांनो. माझ्या वयाची दप्तरे अजून नवी म्हणून मिरवतात. पण मी एकदाच वापरला गेलो, आणि त्या एका वापरात माझे सगळे आयुष्य सरले. मी एक नारिंगी जॅकेट आहे. आहे कसला, होतो. आता एका बाल्कनीत तुकड्यांच्या ढिगात पडलो आहे. माझ्याबरोबर शिवलेले माझे भाऊ मात्र अजून अखंड आहेत आणि कुठे कुठे मुलांच्या अंगावर आहेत. त्या मुलांसाठी मला बोलायलाच हवे.

माझा जन्म एका लांबट शेडमध्ये झाला. रांगेने शिलाई यंत्रे, वर घरघरणारे पंखे, पायाखाली दोऱ्यांच्या गुंत्याचा थर. सोफ्याच्या गाद्या बनवून उरलेला स्पंज माझ्या पोटात भरला गेला. मला शिवणाऱ्या बाईने माझ्या मानेशी एक पट्टी टाचली. तिच्यावर छापले होते : 'फक्त वेशभूषेसाठी. पाण्यात वापरू नये.'

शेजारची बाई म्हणाली, "काय गं, दिसतंय मात्र अगदी खऱ्यासारखं!"

"दिसायलाच तर शिवलंय. नाटकातला खलाशी बुडतो होय कधी? फार तर संवाद विसरतो."

दोघी हसल्या. मीही मनातल्या मनात हसलो. शाळेच्या रंगमंचावर कुणीतरी छोटा खलाशी मला घालून उभा राहील, समोरून टाळ्या पडतील, एवढेच माझे स्वप्न होते. सोंग आणण्यात मला कमीपणा वाटत नव्हता. ते सोंग आहे हे सगळ्यांना ठाऊक असते ना, मग झाले.

पण वेशभूषेच्या दुकानदाराने मागणी रद्द केली आणि आमचा सगळा गठ्ठा एका माणसाने मातीमोल भावात उचलला. त्याचे दुकान म्हणजे एक खोली, छतापर्यंत रचलेले खोके आणि एक मोबाईल. एका मोठ्या वेबसाइटवर तो मिळेल ते विकायचा. त्याच्या मेहुण्याने मला उलटून पाहिले.

"भावजी, हे तर नाटकाचे कपडे आहेत."

"होते," असे म्हणून त्याने कात्री घेतली आणि माझ्या मानेवरची पट्टी कापून टाकली.

मग मला पांढऱ्या कागदावर ठेवून त्याने फोटो काढला आणि खाली लिहिले, 'मुलांसाठी जीवरक्षक जॅकेट. बोटिंग, पोहणे, सहल. तीस किलोपर्यंत वजन पेलते.'

मेहुणा चुळबुळला. "पण कोणी खरंच पाण्यात घेऊन गेलं तर?"

"अरे, लोक फोटो काढायला घेतात. पाण्यात पडतंय कोण?"

मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड असते तर! मी किंचाळलो असतो. पण आम्हा वस्तूंबद्दल जे लिहिले जाते, तेच लोक वाचतात. आम्ही काय आहोत, हे कुणी आम्हाला विचारत नाही.

मी ज्या घरी पोचलो तिथे चार माणसे होती. आई, बाबा, बाबांची आई म्हणजे आजी, आणि एक छोटी मुलगी. तिला घरात सगळे भिंगरी म्हणत, कारण एका जागी बसणे तिला ठाऊकच नव्हते. भिंगरीची आई म्हणजे डोळ्यांत तेल घालून जगणारी बाई. गॅस बंद केला तरी पुन्हा जाऊन बटण चाचपायची. खिडकीच्या गजांमध्ये भिंगरीचे डोके अडकते का, हे तिने नारळ अडकवून पाहिले होते म्हणे.

बाबांच्या ऑफिसची तलावावर सहल ठरली होती. बोटीची फेरी होती, पण बोटीवर फक्त मोठ्यांच्या मापाची जॅकेटे मिळत होती.

"अगं, दहा मिनिटांची तर फेरी," बाबा म्हणाले होते.

"बुडायला दहा मिनिटं लागत नाहीत," आई म्हणाली, आणि तिने मला शोधून काढले.

डोळे झाकून नव्हे बरे! माझ्याखाली लोकांनी लिहिलेला प्रत्येक अभिप्राय तिने वाचला. 'रंग सुरेख.' 'वेळेवर आले.' 'मुलगा अंगातून काढायलाच तयार नाही.' सगळ्यांनी भरभरून चांदण्या दिलेल्या. त्यांच्यापैकी एकाच्याही जॅकेटाला पाण्याचा थेंब लागला नव्हता. तरी तिने विक्रेत्याला विचारलेच, 'खरंच तरंगतं का?' उत्तर आले, 'हो मॅडम, शंभर टक्के.'

मला अंगात घालताच भिंगरी ओरडली, "आई, मानेला टोचतंय!"

आईने बोट फिरवले. "इथलं काहीतरी कापलेलं दिसतंय."

माझ्या जीवात जीव आला. बघ, अजून नीट बघ, मी मनात म्हणत होतो. काय कापलंय, का कापलंय, विचार कुणाला तरी!

"कंपनीची चिठ्ठी असेल गं," बाबा फोनमधून डोके न काढता म्हणाले. "तुला आता चिठ्ठीचीही काळजी का?"

आई हसली. तिने छोटी कात्री आणली आणि पट्टीचे उरलेले टोकही साफ कापून टाकले. माझ्याविरुद्धचा शेवटचा साक्षीदार तिने स्वतःच्या हाताने नाहीसा केला, लेकीला टोचू नये म्हणून.

त्या घरात नवा कपडा धुतल्याशिवाय अंगाला लावत नसत. म्हणून आईने मला पाण्याने भरलेल्या टबमध्ये सोडले. आता मी पकडला जाणार, या आशेने मी थरथरलो. पण स्पंजात हवा असते, मित्रांनो. रिकामे जॅकेट थोडा वेळ तरंगतेच. मी जिवाच्या आकांताने पाणी प्यायला लागलो. जड हो, बुड, तळाला जा! जगातले कुठलेही जॅकेट बुडण्यासाठी इतके धडपडले नसेल. मी अर्धा खाली गेलोही होतो, तेवढ्यात आईने पाहिले आणि ती मोठ्याने म्हणाली, "अहो आई, बघा, छान तरंगतंय!" आणि तिने मला उचलून पिळले. तिची काळजी मिटली. माझी तिथून पुढे वाढतच गेली.

दोरीवर मी ठिबकत राहिलो. उन्हे येऊन गेली तरी माझे पोट ओलेच.

"किती वेळ लागतोय हे वाळायला!" आई वैतागली.

"जाड आहे ना, वेळ लागणारच," आजी म्हणाली. "जाड आहे ते बरंच आहे."

सहलीचा दिवस उजाडला. तलावाच्या कडेने लाकडी फळ्यांचा धक्का होता. सगळी माणसे हसत खिदळत होती. बाबांच्या साहेबांनी मला पाहून म्हटले, "वा, सगळ्यात तयारीची पाहुणी हीच!" सगळे हसले आणि आईचा चेहरा खुलला. बोटीत भिंगरी दोन मोठ्यांच्या मध्ये दाबून बसली होती. फेरी सुखरूप पार पडली. माझा भार हलका झाला. संपले, आता घरी जायचे, दोरीवर लटकायचे!

बोट धक्क्याला लागली. भिंगरी फळ्यांवर उतरली आणि वळून म्हणाली, "आई, इथे माझा फोटो!"

आता नीट ऐका. ही आई रस्त्यात, बाजारात, जिन्यातसुद्धा कधी लेकीचा हात सोडत नसे. त्या दिवशी तिने सोडला. तो हात माझ्यामुळे सुटला, मित्रांनो. मी तरंगणार, अशी तिची खात्री होती. मी नसतो, तर तो हात तिच्या हातात असता.

भिंगरीने गिरकी घेतली. ओल्या फळीवरून तिचा पाय घसरला, आणि आम्ही दोघे पाण्यात पडलो.

वरून कुणीतरी ओरडले, "अरे, पडली!" पण ओरडण्यात भीती नव्हती. "घाबरू नकोस राणी, जॅकेट आहे अंगात," बाबांचा आवाज आला. "आत्ता वर येशील!" सगळे काठावर वाकून वाट बघू लागले. कुणी उडी मारली नाही. कशाला मारतील? मी होतो ना!

आम्ही क्षणभर वर आलो. मग स्पंज पाणी पिऊ लागला. टबमध्ये ज्याची भीक मागितली होती, ते आता घडत होते आणि मला थांबवता येत नव्हते. मी सरकत सरकत तिच्या हनुवटीवर आलो, मग तोंडावर. तिचे इवलेसे हात मला खाली ओढत होते, आणि मी तिला श्वाससुद्धा घेऊ देत नव्हतो. थांबवा रे कुणीतरी, मला फाडा, मला काढा!

"वर का येत नाहीये ती?" हा आवाज आईचा होता. फोन फळ्यांवर आपटला. तिला पोहता येत नव्हते. ती पालथी पडली आणि खांद्यापर्यंत हात पाण्यात घालून तिने माझी कॉलर पकडली. माझी नाटकातली शिवण टर्रकन फाटली आणि तिच्या मुठीत फक्त चिंधी आली. पुढच्या झेपेत तिच्या हाताला लेकीचे केस लागले. ते तिने सोडले नाहीत. तोवर बाबांनी उडी मारली होती. त्यांनी खालून ढकलले, आईने वरून ओढले.

भिंगरी खोकली. पाणी ओकली. मग तिने असे भोकाड पसरले की काठावरची माणसे रडतच हसली. "ओरड, अजून ओरड," आई म्हणत होती, आणि तिला घट्ट कवटाळून स्वतःच गदगदा हलत होती.

घरी आल्यावर आईने विक्रेत्याला लिहिले. उत्तर आले, 'वापरलेला माल परत घेतला जात नाही.' तिने घडले ते सगळे अभिप्रायात लिहिले. मग एका सकाळी ते दुकानच वेबसाइटवरून गायब झाले, तिच्या अभिप्रायासकट. तिने पुन्हा शोधले, तर दुसऱ्याच नावाच्या दुकानात तोच फोटो होता. माझाच. खाली लिहिले होते, 'नवीन, आता अधिक मजबूत.' तिने लगेच वेबसाइटकडे त्या दुकानाची तक्रार केली.

मी बाल्कनीत पुन्हा ठिबकत होतो. आजीने मला चाचपले. "एवढीशी तर शिवण उसवलीय. घालते दोन टाके आणि देऊन टाकू कुणाला तरी. एखादं पोर हौसेनं घालेल."

"हौसेनं घालेल, तीच तर भीती आहे," आई म्हणाली.

"अगं, सगळीच पोरं काय पाण्यात पडतात?"

"आपली तरी कुठे पडणार होती, आई?"

त्या दोन टाक्यांनी मी पुन्हा खरा दिसणार होतो, पुन्हा कुणाच्या तरी आईचा हात सोडवणार होतो. नको, आजी, नको. मला दुरुस्त करू नका!

आजी आत गेली. परत आली ती कापड कापायची मोठी कात्री घेऊन. आईला म्हणाली, "धर ते टोक. ताणून धर. कुणाच्या अंगाला बसणार नाही असं करू."

मित्रांनो, कापले जाण्याचा असा आनंद कुणाला झाला नसेल. पण माझे भाऊ अजून शाबूत आहेत. तुमच्या घरी एखादा असेल, तर मोठ्यांना सांगा. त्याला पाण्यात चांगला दाबून भिजवायला सांगा, आणि पाणी प्यायला लागला तर असाच कापायला लावा. आणि पाण्याच्या कडेला उभे असताना कुणी म्हणाले, "काही होत नाही, जॅकेट आहे ना!" तर मोठ्यांचा हात अजून घट्ट धरा. भित्रे म्हणून हसतील तुम्हाला. हसू द्या. हात सोडू नका.