राखेतले वाल

जनीनं दुकानाची पायरी चढणं सोडलं, त्याला सव्वा महिना झाला होता. हट्टच धरला होता बाईनं. लेकीच्या, भूमिकाच्या पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीआधी तिला नवे बूट घ्यायचे आणि तोवर घरात जे असेल तेच शिजवायचं. चाचणी सोमवारी होती. पोरगी रोज संध्याकाळी म्हसा गावाच्या रस्त्यावर धावायला जायची, आणि निघताना तिच्या बुटाचा सुटलेला तळ अंगणात फटफट वाजायचा. तो आवाज जनीच्या डोक्यात रात्रंदिवस घुमायचा. भूमिकाला मात्र तिनं बुटांचं काही कळू दिलं नव्हतं. आधी सांगायचं आणि जमलं नाही तर?

मग काय, माळ्यावरचं सगळं खाली आलं. सुकट संपली, नाचणी संपली, उन्हाळ्यात वाळवलेल्या आंबोशीची आमटी तर आठवड्यात तीनदा झाली.

"आजपन आंबोशी? दात आंबले गो माझे," तिचा नवरा कोंडू म्हणाला.

"आंबू दे. गोड लागंल सोमवारनंतर."

तेला-डाळीचे वाचलेले पैसे डब्यात जायचे आणि डबा भाताच्या कणगीत.

शेवटी मडकी तळाला गेली. उरलं एकच, सासूचं, गुणाबाईचं. त्यात राखेत जपलेलं वालाचं बियाणं होतं. भात कापून झालं की जमिनीतल्या ओलीवर ते टोकायचं. वीस वर्षांत जनीनं त्या मडक्याला बोट लावलं नव्हतं. पण गुणाबाई गेली होती उंबरमाळीला लेकीकडे. जनीनं निम्मे वाल काढले, तीन पाण्यांनी राख धुतली, भिजवून मोड आणले, सोलून झणझणीत बिरडं केलं. कोंडू डबा घेऊन दुपारच्या पाळीला गेला. भूमिका दोनदा वाढून घेऊन जेवली आणि चारला धावायला सुटली.

साडेचारला गुणाबाई दारात हजर. पिशवी खाली ठेवायच्या आत तिनं वास घेतला.

"बिरडं? वाल कुठलं?"

जनीची नजर मडक्याकडे गेली, तेवढं पुरलं.

"अगो मेले!" म्हातारी किंचाळली. "कोंड्याला सांगून गेलेले मी, कीड लागाय लागलीय, बियान्याला पावडर लाव म्हनून! इख शिजवलंस गो!"

जनीनं कोंडूला फोन लावला. पाळी सुरू झाली की कारखान्यात फोन गेटवर जमा होतात, हे ठाऊक असून पुन्हा पुन्हा लावला. त्यानं डबा उघडला असेल का? पोरगी कुठवर गेली असेल? दवाखान्याला लागतील म्हणून कणगीतला डबा उचलला, पदर खोचला आणि ती अनवाणीच पळत सुटली. बुटांपायी पोरीला मारलंस, जने. वर म्हणालीस, घे अजून.

दुसऱ्या मैलाच्या दगडापाशी भूमिका वाकून बसलेली दिसली. जनीनं अशी हाक मारली की बांधावरची गुरं उधळली.

"उलटी झाली का? पोटात दुखतंय? बोल ना गो!"

"आये, काय झालं तुला?"

भूमिका तळपायातला काटा काढत होती. पायात बूट नव्हतेच. ते लेसला लेस बांधून गळ्यात अडकवले होते.

"धावताना घालत नाय मी," ती म्हणाली. "महिना झाला. सोमवारी टिकायला पायजेत ना."

"मला सांगायचं नाय?"

"तुला सांगून काय? तू तर घरात तेलपन आनत नाय आता."

तेवढ्यात फोन वाजला. कोंडू होता.

"चहाची सुट्टी झाली, गेटवर आलो. एवढे फोन का गो?"

"डबा खाल्लात?"

"मगाशीच. झकास होतं बिरडं!"

"त्या वालांना पावडर लावलेली ना तुमी?"

"विसरलो गो. पुडी तशीच पडलीय. आईला सांगू नको."

जनी मटकन खाली बसली. हसली, रडली, भूमिकाच्या पाठीत एक धपाटा घातला, मग तिचे पाय मांडीवर घेतले. टाचा चिरल्या होत्या, तळव्यात जुने काटे काळे पडले होते. महिनाभर जनी बुटांकडे बघत होती, पायांकडे एकदाही बघितलं नव्हतं. तिनं पैशाचा डबा पोरीच्या हातात कोंबला. "बुटाचं हायत. तुजंच."

इतक्यात शेजारच्या हरेशच्या बाईकवरून गुणाबाई आली, हातात मिठाच्या पाण्याचा तांब्या. "पाज आधी, ओकू दे तिला!"

"आत्या, पावडर लावलीच नव्हती," जनी म्हणाली. "निम्मं बी शाबूत हाय अजून."

म्हातारीनं लेकाला एक सणसणीत शिवी हासडली. मग तिला नातीचे पाय दिसले. तांब्यातलं पाणी तिनं हळूहळू त्यांच्यावर ओतलं, आणि मीठ झोंबून भूमिका ओरडली.

"पावडर नाय म्हंजे ते निम्मंबी कीडच खानार," गुणाबाई म्हणाली. "उद्या भिजत घाल. पोरगी खाऊ दे."