मधली खुर्ची

फेस्टीनं लाकडी पेटीचं झाकण बोटभर सरकवलं, आतलं माशीएवढं एक पाखरू पंखांना धरून हलकेच बाहेर काढलं आणि गळाला टोचलं. मे महिन्यात आयर्लंडमधल्या कॉरिब सरोवरावर ही पाखरं उठतात आणि त्यांच्यासाठी ट्राउट मासे खोल पाण्यातून वर येतात. त्यानं लांब काठी उंच धरली. वाऱ्यानं रेशमी दोरा पुढे नेला आणि पाखरू टेकत, उठत करड्या पाण्यावर नाचू लागलं.

मागे वल्ह्यांवर थोरला भाऊ कोलमन होता. होडी वाऱ्याला आडवी धरून ठेवायची, हे त्याचं काम. या मासेमारीला दोन माणसं लागतातच. म्हणून न विचारता विकलेल्या एका घोडीवरून दोघांचं बोलणं तुटलं, तरी होडी एकच राहिली. घरात बहीण डेलिया होती. जेवताना दोन भावांच्या मधे बसून ती इकडचा निरोप तिकडे द्यायची, तोही हातभर अंतरावर. "मी काय तुमची पोस्टमन आहे का रे गाढवांनो?" असं म्हणायची, आणि तरी द्यायची.

महिन्यापूर्वी डेलिया गेली. काल तिच्यासाठी महिन्याची प्रार्थना झाली, तेव्हा चर्चच्या दारात फादर फेस्टीला सहज म्हणाले,

"कोलमन उद्या संध्याकाळच्या बसनं गॉलवेला जातोय ना? मावसबहिणीकडे कायमचा राहणार म्हणे."

फेस्टीनं मान हलवली, जणू त्याला ठाऊकच होतं.

पाणी फुटलं. पाखरू दिसेनासं झालं. फेस्टीचा हात शिवशिवला. पण ट्राउटनं घास घेतला की लगेच ओढायचं नसतं. मासा खाली वळेपर्यंत थांबायचं असतं. किती थांबायचं, हे त्याला या वयातही नीट उमगत नसे. मागून वल्ह्याच्या दांड्यावर टिचकी वाजली. त्यानं काठी उचलली. मासा लागला होता.

घरी त्यानं तो साफ केला, ओटच्या पिठात घोळवला आणि डेलिया करायची तसा लोण्यात परतला. सोबत उकडलेले बटाटे. दाराशी कोलमनची बॅग भरून ठेवलेली होती. दोघं आपापल्या जागी बसले. मधली खुर्ची तशीच राहिली.

काट्याचमच्यांचा तेवढा आवाज. फेस्टीनं दोनदा घसा खाकरला. मग खुर्चीकडे बघत तो म्हणाला,

"डेलिया, विचार त्याला, मासा बरा झालाय का?"

कोलमनचा हात तोंडापाशी थांबला.

"सांग त्याला," तोही खुर्चीला म्हणाला, "खारट झालाय. म्हणूनच बायको मिळाली नाही याला."

"म्हणावं, तुला तरी कुठे मिळाली?"

"म्हणावं, मी मागितलीच नाही."

फेस्टी हसला, पण ते हसू अर्ध्यावरच विरलं. त्यानं बटाटा उगाच कुस्करला.

"आणि विचार... विचार, जायलाच हवं का?"

कोलमननं मणक्याचा काटा अलगद सोडवून ताटलीच्या कडेला ठेवला. बटाट्यानं लोणी पुसून घेतलं, खाल्लं.

"डेलिया, त्याला सांग, पेटी बाहेर उन्हात राहिलीय. सावलीत ठेव म्हणावं. पाखरं उद्यापर्यंत जगायला हवीत."

फेस्टी उठून बाहेर आला. पेटी दगडी भिंतीवर होती. झाकण उघडलं, तर बरीचशी पाखरं तळाशी निपचित पडली होती. दोन-तीन मात्र पंख हलवत होती. त्यानं पेटी भिंतीच्या सावलीत ठेवली आणि वर ओलं गवत अंथरलं. खालच्या रस्त्यावरून गॉलवेची बस आली आणि न थांबता तशीच पुढे गेली.

तो दारापर्यंत परतला. आत कोलमन ताटल्या विसळत हळू आवाजात काहीतरी बोलत होता. मधेच डेलियाचं नाव येत होतं, आणि मग बराच वेळ नुसतं पाणी वाजत होतं.

फेस्टी लगेच आत गेला नाही. थांबला.