नात्यातलं रक्त

शिवकन्येचं लग्न सख्ख्या मामाशी, महांतेशशी झालेलं. त्यामुळं आज्जीच तिची सासू आणि आई अयोध्याबाई नात्यानं नणंद. पोरगी परक्या घरात गेली नाही म्हणून माहेरी, बेंबळीत सगळ्यांनी कौतुक केलं होतं. पहिला मुलगा सात महिन्यांचा होऊन गेला. त्यानं कधी मानच धरली नाही. शेवटी तर दूध ओढायचंही त्राण उरलं नव्हतं.

दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा धाराशिवच्या डॉक्टरीणबाईंनी नवरा-बायकोचं नातं विचारलं आणि पेन खाली ठेवला. "आधी दोघांचं रक्त सोलापूरला तपासा. दोघांतही एकच दोष निघाला, तर पोटातल्या बाळाची तपासणी करता येते. पण उशीर नको, तिसरा महिना संपायच्या आत."

शिवकन्येला जायचंच होतं. महांतेशही तयार होता, पण त्यानं बेंबळीला फोन लावला. थोरल्या बहिणीनं त्याला कडेवर वाढवलेला. तिला विचारल्याशिवाय तो चप्पलसुद्धा घेत नसे.

दुसऱ्याच दिवशी अयोध्याबाई तेरला, लेकीच्या सासरी हजर. फाइल तिनं उघडलीसुद्धा नाही.

"कशाला रगत तपासायचं? आपल्या घरात कुणाला काय झालंय?"

"माझं लेकरू गेलं की, आई."

"जातेत लेकरं. कुणाची गेली न्हाईत?" मग तिनं आवाज खाली आणला. "अक्षदाचं समर्थसंगं ठरलंय. त्यो बी तुझा मामाच. खोट निघाली तर समर्थ लग्नाला उभा ऱ्हाईल व्हय? बहिणीचं वाटोळं करतीस?"

"आन् माझं?"

"तुझं झालंय की लग्न."

आज्जी उंबऱ्यावर बसून शेंगा फोडत राहिली. महांतेश म्हणाला, "अक्का म्हणती तर ऱ्हाऊ दे."

एकदा शिवकन्या एकटीच एसटीच्या थांब्यापर्यंत गेली. पण रक्त दोघांचं लागणार होतं. परत आली. चौथा महिना लागला. सातव्यात अक्षदाचं लग्न झालं, तेव्हा शिवकन्येनं मांडवात खुर्चीवर बसून अक्षता टाकल्या. समर्थ लातूरला नोकरीला होता. अक्षदा तिकडं गेली.

शिवकन्येला मुलगी झाली. गोरीपान, डोळ्यांनीच हसायची. चौथ्या महिन्यात शिवकन्येनं तिचे दोन्ही हात धरून हळूच उचलून बघितलं. मान मागं लोंबली. पुन्हा तिनं उचललं नाही.

त्याच सुमाराला अक्षदाला दिवस गेले. अयोध्याबाई या वेळी जीप करून आली.

"लातूरच्या डॉक्टरला समदं सांगितलंय. अक्षदाची तपासणी करायचीय. पर आधी ह्या लेकराचं रगत पायजे म्हणतेत. दोष नेमका कशात हाय, ते त्याच्यावरनं कळतंय म्हणं."

शिवकन्येनं लेकराच्या मानेखाली हात सरकवून तिला जवळ घेतलं.

"बहीण हाय गं तुझी."

तिनं मुलीला दुपट्यात गुंडाळलं आणि जीपमध्ये जाऊन बसली.

लातूरला सुई टोचली तेव्हा पोरीला पाय ओढून घेता आला नाही. रडली, पण मांजराच्या पिल्लाएवढं. पहिल्या खेपेला रक्त मिळालं नाही. पुन्हा टोचायचं म्हटल्यावर शिवकन्येनं तिला आईच्या मांडीवर दिलं.

"तू धर. मान सांभाळ."

अयोध्याबाईनं धरली.

अक्षदाचा रिपोर्ट चांगला आला. पण तो आला तेव्हा शिवकन्येच्या मुलीचं सुतक चालू होतं. अयोध्याबाईनं सुतक फिटेपर्यंत दम धरला, मग बेंबळीत पेढे वाटले. कशाचे म्हणून कुणी विचारलं, तर नवस फिटला म्हणून सांगितलं.