पहिलं ‘नको’

अनुजाला हसू आवरत नसे, आणि तेही नेमकं नको तिथं यायचं. आत्तेसासूच्या तेराव्यालाही ती पदरात तोंड खुपसून खुदखुदली होती. मुरगूडजवळच्या दवाखान्यातली ही नर्स, आणि तिलाच कोल्हापूरला प्रशिक्षणाला पाठवलेलं! सोमवारपासून येणाऱ्या प्रत्येक रुग्णाला विचारायचं होतं, ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’

“सरळ विचारा,” शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या. “विचारल्यानं कुणाच्या डोक्यात खूळ शिरत नाही. उलट ओझं हलकं होतं.”

सरावाला अनुजानं तोंड उघडलं आणि अशी फिसकन हसली की पुढच्या रांगेतले दोघे दचकले. मॅडम रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “खऱ्या माणसासमोर हसलात, तर तो पुन्हा कुणालाच सांगायचा नाही.”

मग काय, घरी येऊन तिनं सरावाचा धडाका लावला. गोठ्यात म्हशीला विचारलं. आरशाला विचारलं. शेवटी सासऱ्यांना, सयाजीरावांना, चहा देता देता विचारलं. त्यांनी कप खाली ठेवला.

“का गं? चहात काय घातलंयस?”

दोन घरं पलीकडं ऐकू जाईल इतकी हसली ती. सासरेही हसले. मग म्हणाले, “अगं, ‘जेवलासा काय’ इचारतीस तसं इचार की. आन पावणं ‘झालं’ म्हणालं, म्हणून तू लगीच ताट मागं घेतीस व्हय?”

खरंच की! आपल्याकडं पहिलं ‘नको’ धरतंय कोण?

सोमवारी पाठदुखीच्या गोळ्या न्यायला टेबलापुढं पहिले येऊन बसले ते हंबीरराव. दवाखान्याच्या ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर, अख्ख्या दवाखान्याला हसवणारा गडी. बोटात गाडीची चावी गरागरा फिरवत म्हणाले, “हं सिस्टर, हून जाऊ द्या!”

“जीव द्यावा असं मनात येतं का?” अनुजाचं हसू ओठापर्यंत आलंच होतं.

“छ्या! न्हाय की.”

कागदावर खूण केली असती तर तिथंच संपलं असतं. पण तिनं ताट मागं घेतलं नाही. “खरं सांगा, हंबीरराव.”

चावी फिरायची थांबली.

“व्हय,” ते खाली बघत म्हणाले. “लय दिवस झालं येतंय. कुणी दुसऱ्यांदा इचारलंच न्हाय.”

हसू कुठल्या कुठं पळालं. तिनं हात पुढं केला. “चावी द्या इकडं. आज गाडी दुसरं कुणीतरी चालवंल. आपण दोघं आत डॉक्टरांकडं जाऊया. मी थांबती तुमच्यासंगं.”

हंबीररावांनी चावी दिली. उठले, बाहीनं डोळे पुसले आणि दोन पावलांवर थांबले. “सयाजीरावांना बी असंच इचारलंसा म्हणं?”

“व्हय. म्हणालं, चहात काय घातलंयस?”

हंबीरराव फस्सकन हसले. मग तीही हसली. तोंड दाबावं असं तिला वाटलंच नाही. डॉक्टरांच्या दारापर्यंत दोघं हसतच गेली, आणि चावी तिच्या मुठीत घट्ट होती.